लाकडाचा पाहुणचार

वखारीतून नवं लाकूड आलं, की दस्तगीरचाचा त्याला ‘पावणं’ म्हणत. टेम्पोतून फळ्या उतरताना एखादं गिऱ्हाईक दारात उभं असलं, तर त्याला बाजूला सारत. “पावण्यास्नी आत येऊ द्या की.” मग कसबा बावड्यातल्या त्यांच्या शेडमध्ये त्या फळ्या मधे पट्ट्या घालून रचल्या जात. इथली हवा अंगी लागेपर्यंत त्यांना करवत लावायची नाही, हा चाचांचा नियम. गिऱ्हाइकाला मात्र ते चहासुद्धा विचारत नसत.

मी सुतारकाम शिकायला गेले तेव्हा माझी मुलगी शाळेत जायला लागली होती आणि कापडदुकानात साड्यांच्या घड्या घालून मी विटले होते. बाईमाणसाला हे कशाला, असं चाचांनी विचारलं नाही. हातात रंधा दिला आणि एक वाकडी फळी पुढ्यात टाकली. रंधा कसा धरू, असं मी विचारलं.

“मला काय इचारतीस? फळीला इचार.”

फळी काही बोलेना. संध्याकाळी माझे खांदे मात्र बोलायला लागले. चुकलं की चाचा रंधा घेऊन दोन हात मारून दाखवत आणि परत माझ्याकडे देत. एखादी ढलपी अखंड निघाली, की ती उन्हाकडे धरून बघत आणि खिशात घालत. अशा ढलप्या ते घरी नेऊन दाखवतात, हे मला चाचींकडून कळलं. माझ्या तोंडावर कौतुक करायचं म्हणजे जिवावर यायचं त्यांच्या.

असं करत मी दारं-खिडक्यांपर्यंत पोचले आणि चाचांचे गुडघे कुरकुरायला लागले. ते इचलकरंजीला लेकीकडे कायमचे राहायला जाणार होते. शेड आणि हत्यारं कुणाला देणार, याचा पत्ता लागू देईनात. पंक्चरवाला जागा बघून गेला होता. मला ती शेड हवी होती, पण मागायला जीभ रेटेना. जेवणावरची वासनाच उडाली होती माझी.

त्यातच सर्जेराव हे आमचं मोठं गिऱ्हाईक दारात आलं. त्यांच्या नव्या घराची वास्तुशांत तोंडावर आली होती आणि दाराचं सागवान आदल्याच दिवशी शेडमध्ये उतरलं होतं. चाचा दवाखान्यात गेलेले. मी सांगितलं, आत्ता कापलं तर दार वाकेल आणि शिव्या मलाच बसतील. तोवर पडदा लावा. सर्जेराव भडकले. काम काढून घेतो म्हणाले. त्यांचा गोतावळा गावभर. हे गिऱ्हाईक गेलं तर मला शेड कोण देणार? तरी करवतीला मी हात लावला नाही.

चाचा रिक्षातून उतरले, तशी सर्जेरावांनी त्यांना दारातच गाठलं.

“चाचा, ही पोरगी ऐकंना. तुमी सांगा की हिला.”

चाचांनी फळ्यांवरून हात फिरवला.

“मी काय सांगणार? सुनंदा मिस्त्री न्हाय म्हणाल्यात न्हवं?”

सर्जेराव पडदा कुठल्या रंगाचा चांगला दिसेल, असं पुटपुटत निघून गेले. चाचांनी खिशातून शेडची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली, आणि स्वतःच्याच स्टुलाकडे बोट दाखवून विचारलं,

“मिस्त्री, जरा बसलो तर चालंल न्हवं?”