कौल मी कळवला

आमच्या घरात निरोप पोचवायचं काम माझ्याकडे होतं. आईचा फोन बटणांचा, आणि बाबांना व्हॉट्सअ‍ॅप म्हणजे सकाळी येणारी फुलं आणि सुविचार एवढंच ठाऊक. त्यामुळे दादा बोटीवर गेला तेव्हापासून त्याचे मेसेज माझ्या फोनवर यायचे आणि मी ते स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून वाचून दाखवायचे. वाचताना थोडी काटछाट करायचे. 'तीन दिवस ओकतोय'चं 'जरा बोट लागली' व्हायचं, 'जेवण घशाखाली उतरत नाही'चं 'जेवण ठीक आहे' व्हायचं. आईला बरं वाटायचं आणि मला फार शहाणपणा केल्यासारखं वाटायचं. सवय अशीच लागते.

दादा वीस वर्षांचा होता. कॅडेट, पहिलीच बोट, पाचवा महिना. युक्रेनच्या एका बंदरात त्यांच्या बोटीत धान्य भरायचं चाललं होतं आणि तेवढ्यात युद्ध सुरू झालं. बंदराच्या तोंडाशी सुरुंग पेरले गेले, त्यामुळे बोट बाहेर काढायची सोय राहिली नाही. मी बारावीला होते, परीक्षा तोंडावर.

आम्ही किनाऱ्यावरचे, भाट्याच्या पुलापलीकडचे. आमच्याकडे दर तिसऱ्या घरातलं कोणीतरी बोटीवर असतं, त्यामुळे वादळ, चाचे, महिनोन्‌महिने घरी न येणारा माणूस हे सगळं लोकांना पाठ. पण धक्क्याला बांधून ठेवलेल्या बोटीवर बॉम्ब पडेल की काय, ह्या काळजीत काय करायचं असतं ते कोणालाच सांगता येईना. शेजारी यायचे, चहा प्यायचे, 'होईल सगळं नीट' म्हणायचे आणि जायचे.

बाबा कचेरीत कारकून. त्यांचा अर्जावर विश्वास. त्यांनी मुंबईच्या एजंटला अर्ज केला, दूतावासाला केला, खासदारांना केला, प्रत्येकाची प्रत दुसऱ्याला माहितीसाठी जोडली. पोच आली की तेवढा दिवस ते जरा बरे दिसायचे. आई बातम्या आवाज बंद करून बघायची. निवेदक ओरडला की तिला वाटायचं, आत्ताच दादाच्या बोटीला काही झालं.

अशातच एका रविवारी दुपारी तीनच्या सुमाराला मेसेज आला, आणि ह्या वेळी मी तो एक शब्दही न गाळता वाचला. "उद्या सकाळी दोन गाड्या येणार आहेत. ज्यांना जायचंय त्यांनी नाव द्यायचं. सीमेपर्यंतचा रस्ता धोक्याचा आहे, कोणी हमी देत नाही. बाकीचे बोट सांभाळायला राहणार. तुमच्याकडच्या संध्याकाळी सातपर्यंत नाव द्यायचंय. मला ठरवता येत नाही. आईबाबा सांगतील तसं करतो."

सायकल कुठल्या रंगाची घ्यायची हेसुद्धा घरातल्या तिघांना विचारून ठरवणारा मुलगा. त्याला तिकडे विचारलं होतं, रस्त्यावर जीव धोक्यात घालणार की पाण्यावर.

"बोटच बरी," बाबा म्हणाले. "लोखंडाची आहे. खायला आहे. वर कॅप्टन आहे."

"त्या लोखंडावरच टाकतायत ना बॉम्ब? तिथनं काढा त्याला," आई म्हणाली.

अर्धा तास भांडले. मग गंमत अशी झाली की दोघांनी बाजू बदलल्या. आई म्हणायला लागली, अनोळखी रस्त्यावर पोराला कसं पाठवायचं, आणि बाबा म्हणायला लागले, धोका पत्करावाच लागतो. खरं म्हणजे दोघांनाही आपल्या तोंडून काही निघायला नको होतं. उद्या काही विपरीत झालं तर जन्मभर कोणी म्हणायचं, तुम्हीच सांगितलंत म्हणून.

"आपण कोण ठरवणार?" शेवटी आई उठली. "देवीला विचारूया."

बाबांनी एरवी कुरकुर केली असती. त्या दिवशी मुकाट्यानं चपला घातल्या. साहेबाच्या सहीसाठी वर गेलेली फाइल बघताना त्यांचा चेहरा असाच होत असावा. मीही त्यांच्यामागून गेले, आणि मलाही सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करते.

देवळातले गुरवकाका आंब्याच्या कलमांना फवारणी करत होते. हातपाय धुऊन, सोवळं नेसून आले. आमच्या ग्रामदेवीचा कौल लावतात तो असा: तगरीच्या दोन ओल्या कळ्या, मूर्तीच्या एकेका खांद्यावर एकेक चिकटवायची. मग देवीला गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे आपली अडचण सांगून साकडं घालायचं, आणि वाट बघायची. उजवीकडची आधी पडली की होकार, डावीकडची पडली की नकार. घर बांधणं, सोयरीक, खटला, सगळं गाव असंच विचारून करतं.

"आई," गुरवकाका मूर्तीला म्हणाले, "तुझ्या ह्या लेकरांचा पोर परमुलखात बोटीवर अडकलाय. गाडीनं निघालेला बरा असेल तर उजवा दे. बोटीवर ऱ्हायलेला बरा असेल तर डावा दे. पण काय ता निक्षून सांग."

कळ्या पडेनात. दहा मिनिटं झाली, वीस झाली. बाबा घड्याळाकडे बघत होते, आई मूर्तीकडे, मी आईकडे. मग डावी कळी जरा घसरली, थांबली, आणि पडली.

"डावा दिलान," गुरवकाका म्हणाले. "पोराला बोटीवरच ऱ्हाऊ दे."

आईनं डोळे मिटून हात जोडले. बाबांनी मोठा श्वास सोडला. "झाला. कळव त्याला, बाय."

देवळात रेंज नव्हती. विहिरीच्या कठड्याशी यायची. मी तिथे एकटी गेले. माझ्या फोनवर सकाळचा दादाचा आवाजाचा एक मेसेज होता. तो मी घरात ऐकवला नव्हता. त्यात आधी नुसता त्याचा श्वास, मग लांबवर काहीतरी फुटल्याचा आवाज, आणि मग तो विचारतो, "बाय, ऐकू येतंय ना तुला?" एवढंच. मी तो परत ऐकला. आणि मला असा राग आला! देवीचा, बाबांच्या त्या सुस्काऱ्याचा, नखाएवढ्या कळीचा. माझा भाऊ तिथे एकेक श्वास मोजतोय आणि ही कळी ठरवणार?

मी लिहिलं, "कौल उजवा आला. निघ."

लगेच वाचलं त्यानं. "नक्की?"

"नक्की. गुरवकाकांनी दोनदा बघितला."

"ओके," त्यानं लिहिलं.

सात वाजायला अजून अडीच तास होते. खरं सांगायला अडीच तास पुष्कळ झाले. मी घरी आले, "कळवलंस?" ह्या प्रश्नाला "हो" म्हटलं आणि केमिस्ट्रीचं पुस्तक उघडून बसले. सातच्या बातम्या लागल्या तेव्हा ते तसंच उघडं होतं, त्याच पानावर.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून माझ्या मेसेजना एकच टिक. आईबाबा निर्धास्त. त्यांच्या हिशेबी मुलगा देवीच्या शब्दानं बोटीवर होता आणि तिथे फक्त नेटवर्क नव्हतं. तो रस्त्यावर आहे हे एकट्या मला माहीत. टीव्हीवर सीमेकडच्या रस्त्याची जळकी वाहनं दाखवली तेव्हा आई भाजी निवडत म्हणाली, "बरं झालं गो, नाय पाठवला." मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. तीन दिवस असे गेले. मधे एक पेपर दिला, त्यात काय लिहिलं देव जाणे. देवीची करुणा भाकायची म्हटलं तर कुठल्या तोंडानं? जिच्या नावानं खोटं कळवलं, तिलाच 'त्याला सांभाळ' म्हणणार? तरी म्हटलं. शंभरदा म्हटलं.

चौथ्या दिवशी परक्या नंबरावरून फोन आला. दादा सीमेपलीकडे पोचला होता. आई रडली, हसली, आणि मग तिच्या लक्षात आलं. "म्हणजे बोट सोडलीस?" तिनं विचारलं. फोन कट झाला. आठवड्यानं तो घरी आला. आईनं दारात त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पोटाशी धरला, आणि आत येता येता म्हणाली, "देवीचा शब्द मोडलास रे. पण आलास."

"मोडला? उजवा होता ना?"

"डावा होता."

दादानं खिशातून फोन काढला आणि माझा मेसेज त्यांच्यासमोर धरला. आई वाचू शकत होती तेवढं. तिनं माझ्याकडे बघितलं.

"हिनं तुला जिवंत आणलान," बाबा घाईघाईनं म्हणाले. बिचारे माझी बाजू घेत होते. मला वाटलं, चला, ओरडा खाईन, पण दादा समोर आहे. मग दादा जमिनीवर बसला आणि त्यानं सांगितलं.

त्याच्या केबिनमध्ये दुसरा कॅडेट होता, लातूरकडचा, एकोणीस वर्षांचा. त्यानं राहणाऱ्यांत नाव दिलं होतं. दादानं त्याला माझा मेसेज दाखवला. "मी त्याला म्हटलं, आमच्या देवीचा कौल कधी खोटा पडत नाय. चल माझ्याबरोबर. मग त्यानं नाव बदललान." गाडीत त्याला खिडकी हवी होती, बर्फ बघायला. वाटेत रस्त्याच्या कडेला काहीतरी येऊन फुटलं. कोणी टाकलं, कशावर टाकलं, कुणालाच कळलं नाही. काचा आत आल्या. दादाला हातावर दोन टाके पडले. त्या मुलाचा उजवा डोळा गेला.

"मला डावा चालला असता गो," दादा मला म्हणाला. ओरडला नाही. "मला फक्त कोणीतरी सांगायला हवं होतं."

जे बोटीवर राहिले ते काही महिन्यांनी सगळे घरी परतले. एकालाही खरचटलं नाही. ही बातमी मीच वाचली आणि मीच घरात वाचून दाखवली, न गाळता. आई देवळात जाऊन आली. माझ्याशी ती पुढे बोलायला लागली, जेवायला वाढायला लागली, पण निरोप वाचून दाखव असं पुन्हा कधी म्हणाली नाही. दादा परत बोटीवर गेला नाही. शहरात एका मोबाइलच्या दुकानात काम करतो. मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. लोक म्हणतात, तू तेव्हा सतरा वर्षांची होतीस, तुला काय कळणार. मला कळत होतं, तेच तर आहे. फक्त काय होणार ते कळत नव्हतं, आणि ते कॅप्टनलाही कळत नव्हतं, बाबांनाही नाही. देवीला कळलं होतं का, ह्याचा विचार मी करत नाही. करायला लागले की झोप लागत नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर तो लातूरकडचा मुलगा आणि त्याची आई रात्रभर बसचा प्रवास करून आमच्याकडे आले. देवीची ओटी भरायला. त्या माऊलीनं नवस केला होता. तिच्या लेखी आमच्या देवीनं कौल दिला म्हणून तिचा मुलगा लढाईतून जिवंत बाहेर पडला. डोळा गेला, पण जीव राहिला. दादानं त्यांना खरं कधी सांगितलंच नव्हतं. आईला नेमकं त्याच सकाळी कुठेतरी काम निघालं. देवळात दादा आणि मी त्यांना घेऊन गेलो.

तिनं खण, नारळ, तांदूळ सगळं लातूरहून आणलं होतं. गुरवकाकांनी ओटी देवीपुढे ठेवली. गाऱ्हाणं घालताना कौलाचा शब्दही त्यांनी काढला नाही. मग ती माझ्याकडे वळली. तिला कोणीतरी सांगितलं असावं की कळवणारी मी. माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "कोन्त्या अंगाचं फूल पडलं व्हतं, माय? तेवढं दाव मला."

गुरवकाका ताम्हन पुसत राहिले. दादानं माझ्याकडे बघितलं आणि नजर फिरवली. सांगावं असं मला मनापासून वाटत होतं.

मी देवीच्या उजव्या खांद्याकडे बोट केलं. तिनं पदर सावरून हात जोडले आणि मुलालाही जोडायला सांगितले. त्यानं मान वळवून शाबूत डोळा त्या खांद्याकडे आणला, आणि बराच वेळ हात जोडून उभा राहिला.