कुंकू लागलेलं पिस्तूल घेऊन अल ऐनला

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. माधवीच्या पिस्तुलाला हळदकुंकू लावलं ते मी. माझ्या आईने नव्हे.

माधवी माझी बायको. आम्ही सांगलीचे, माझं औषधांचं दुकान आहे. काही वर्षांपूर्वी ती मुलाला नेमबाजीच्या क्लासला सोडायला जायची. मुलगा कंटाळला आणि त्याने क्रिकेट धरलं. ही मात्र तिथेच राहिली. पुढे रीतसर खेळाडूचा परवाना निघाला, पॉइंट टू-टूचं स्पोर्ट्स पिस्तूल आलं आणि आमच्या स्वयंपाकघरात एक नवा प्रकार सुरू झाला. गॅसवर कुकर चढवायचा, पाण्याची भरलेली बाटली उजव्या हातात धरून हात खांद्यासमोर सरळ करायचा आणि शिट्टी होईपर्यंत खाली घ्यायचा नाही. आई ओट्याशी बसून लसूण सोलत म्हणायची, “हलला गं हात. आज भात कच्चा.”

अमिरातींमधल्या अल ऐनच्या स्पर्धेचं निमंत्रण आलं तेव्हा गल्लीत पेढे वाटले ते मीच. पण कागदपत्रांच्या त्या महिनाभरात माझ्या मनात काय चाललं होतं, तेही आता लिहून टाकतो. कुठेतरी परवानगी अडकावी, असं मला वाटत होतं. दुकानात लोक औषध घ्यायला येत आणि म्हणत, “पिस्तूलवाल्या मॅडमचे मिस्टर ना तुम्ही?” मी हसायचो. रात्री मात्र ते हसू मला खुपायचं.

परवानगी अडकली नाही. इथलं पत्र, तिथल्या क्लबचं पत्र, दुबई पोलिसांचा परवाना, अबू धाबी पोलिसांचा परवाना. अमिरात म्हणजे आपल्याकडचं राज्यच समजा, प्रत्येकीचे पोलीस निराळे. विमान दुबईला उतरणार आणि अल ऐन अबू धाबीत, म्हणून कागदही दोन. सगळे आले.

निघायच्या दिवशी माधवीने पेटी उघडून पिस्तूल तपासलं आणि ती आंघोळीला गेली. पेटी उघडी होती, शेजारी देवघर होतं. महिनाभर मनात वाईट आणलं होतं, त्याचं काहीतरी करावं म्हणून मी हळदीकुंकवात पाणी कालवून मुठीजवळ बोट टेकवलं, दोन अक्षता टाकल्या आणि हात जोडले. खंडेनवमीला आपण विळी, कात्री, स्कूटर, कशाकशाची पूजा करतो! आपण हत्याराला कुंकू लावतोय, एवढंच डोक्यात होतं. बरोबर तिथेच त्याचा नंबर कोरलेला आहे, हे नव्हतं. मी झाकण लावलं. ती आली आणि तिने कुलपं घातली.

मुंबईच्या विमानतळावर पेटी उघडली तेव्हा पिस्तूल नवऱ्या मुलासारखं सजलेलं निघालं. तिथले साहेब मराठी होते. नळीवरचा नंबर कागदाशी ताडून ते हसले. “आईंनी लावलं वाटतं?”

मी मान डोलावली. तेवढंच केलं मी. तोंडातून शब्दसुद्धा काढला नाही.

माधवी मात्र लाल झाली. तिने रुमालाने खसाखसा पुसलं आणि बाहेर येताच घरी फोन लावला. “आई, पिस्तुलाला हळदकुंकू लावलंत का हो तुम्ही? कितीदा सांगितलं, त्याला कुणी हात लावायचा नाही म्हणून!”

फोन स्पीकरवर होता. मग आई म्हणाली, “असंल बाई. मीच लावलं असंल. आता काही ध्यानात राहत नाही.”

ऐंशी वर्षांच्या माझ्या आईला शेजारणीच्या मुलीची मंगळागौर कोणत्या साली झाली तेही ध्यानात असतं. मी काचेबाहेरची विमानं बघत बसलो.

दुबईत उतरल्यावर शस्त्रांची खोली वेगळी. पांढरी कंदुरा (तिथल्या पुरुषांचा पायघोळ झगा) घातलेले एक तरुण अधिकारी आणि त्यांच्या बाजूला केरळचे एक कारकून, शशीभाई. अधिकाऱ्यांना नळीवरच्या नंबराबरोबर मुठीजवळचाही हवा होता. त्यांनी पिस्तूल दिव्याखाली धरलं. माधवीने पुसताना कुंकू पिस्तुलाच्या तेलात कालवलं गेलं होतं आणि कोरलेल्या खाचांत घट्ट बसून वाळलं होतं. तीन की आठ, एक की सात, काही कळेना.

“ये लाल क्या है? खून?”

“नहीं नहीं, पूजा का है,” माधवी म्हणाली. “घर में सास ने…”

शशीभाईंचा चेहरा उजळला. त्यांनी अरबीत बरंच काही सांगितलं आणि आमच्याकडे वळले. “हमारे उधर भी करता है. मैं साब को बोला, लॉरी को भी लगाता है, कंप्यूटर को भी लगाता है.”

अधिकारी हसले नाहीत, पण मिशी हलली. “मेरे दादा ईद से पहले अपनी बंदूक साफ करते थे. आप लोग गंदी करते हो.” मग घड्याळ बघून म्हणाले, की नंबर जुळला नाही तर पिस्तूल इथेच जमा राहील, जाताना परत मिळेल. तुम्ही अल ऐनला जा, स्पर्धा बघा.

स्पर्धा बघा! त्या संध्याकाळी अल ऐनला हत्यारांची तपासणी बंद होणार होती. तिथे पिस्तूल पोचलं नाही तर माधवीचं नाव यादीतून जाणार होतं. महिनाभर मी ज्याची वाट पाहत होतो ते अखेर समोर आलं होतं. मला ते नको होतं. कधीच नको होतं. बाटली धरून थरथरणारा तिचा हात मला दिसत होता आणि आईचं ‘भात कच्चा’ ऐकू येत होतं.

दुकानदाराचा हात नकळत पिशवीत गेला. माझ्याकडे इंजेक्शनआधी लावतात ते स्पिरिटचे बोळे असतात, प्रवासात तर हमखास. मी पुडकं पुढे केलं. “साब, इससे निकलेगा.”

अधिकाऱ्यांनी मला हात लावू दिला नाही. परवाना जिचा, तीच पुसेल. माधवीने बोळ्याचं टोक वळून एकेक आकडा कोरून काढला. बोळे लाल होत गेले. शेवटचा आकडा निघाला तेव्हा शशीभाईंनी तो मोठ्याने वाचला आणि अधिकारी म्हणाले, “खलास. यल्ला, जाओ.”

बाहेर पडताना माधवी मला म्हणाली, “तुमच्या दुकानाचा आज पहिल्यांदा उपयोग झाला हो!” एवढं कौतुक पचवायला मला फार जड गेलं.

क्लबची गाडी आली होती. चालक गुलखान, पेशावरचे. पेटी डिकीत कुलपात. कागदाचा नियम असा, की विमानतळावरून थेट नेमबाजीच्या मैदानावर जायचं, मध्ये कुठे वळायचं नाही, पेटी उघडायची नाही आणि आत काय आहे त्याचा बोभाटा करायचा नाही. नेमका तेव्हाच माधवीच्या भावाचा, अभिजितचा फोन. तो दुबईतच अल मनखूलला राहतो; स्पर्धेचं त्याला माहीत होतं, पण पिस्तूल बरोबर आहे हे नव्हतं.

“ताई, उतरलीस ना? घर वाटेवरच आहे. साबुदाणा वडे तळतोय, दहा मिनिटं या.”

“आत्ता नाही रे जमत.”

“दुबईत उतरून भावाच्या घरी पाणी पिणार नाहीस? काय घेऊन चालली आहेस एवढं, सोनं?”

“घरी आल्यावर सांगते,” असं म्हणून तिने फोन ठेवला. चार दिवस तो रुसून होता.

शहर मागे पडलं तशी वाळूचा रंग बदलत गेला. आधी पिठासारखी फिकट, मग विटकरी. रस्त्याच्या दोन्ही कडांना झाडांच्या रांगा, आणि प्रत्येक झाडाच्या पायाशी काळी पाण्याची नळी. कुंपणापलीकडे उंट आमच्याकडे बघत रवंथ करत होते. गुलखाननी एका टपरीसमोर गाडी उभी करून नुसता हॉर्न वाजवला. मी घाबरलो, “रुकना मना है ना?” ते म्हणाले, “भाईजान, उतरना मना है. चाय तो खुद आएगी.” आणि खरंच एक माणूस धावत आला आणि खिडकीतून करक (दूध आटवलेला, वेलची घातलेला कडक चहा) देऊन गेला. इथे म्हणे हीच रीत आहे. गाडी चालू, डिकीत पिस्तूल, हातात चहा. सांगलीत कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल.

अबू धाबीची पाटी आली आणि थोडं पुढे पोलिसांनी गाडी थांबवली. एका शिपायाने दोन्ही परवाने वाचले, पेटीची कुलपं आणि सील बघितली आणि माझ्याकडे बोट केलं. “शूटर?”

“नो सर,” मी म्हणालो. “शी. आय ॲम हजबंड.”

तेच शब्द. दुकानात ऐकले की खुपणारे. तिथे ते मी स्वतःहून म्हणालो, आणि छाती फुगवून म्हणालो. शिपाई खाली वाकला, मागच्या सीटवर साडी नेसून चहा पिणारी बाई बघितली आणि त्याने चक्क सलाम ठोकला. माधवीने कप डाव्या हातात घेऊन उजव्या हाताने सलाम परत केला. नेम धरायचा तोच हात.

तपासणीची खिडकी बंद व्हायच्या आत आम्ही पोचलो. पिस्तुलाच्या चापाला वजन टांगून बघितलं, शिक्का बसला, पिस्तूल क्लबच्या तिजोरीत गेलं. तेव्हा कुठे भूक लागल्याचं कळलं. त्या रात्री आम्ही मजबूस (मसाल्यात शिजवलेला मांसाचा भात) खाल्ला. माधवीने तोंडात घास धरून निकाल दिला, “भात छान आहे, पण आईंच्या हाताला तिखट जास्त.” रागावली होती तरी आठवण आईचीच.

दुसऱ्या दिवशी सकाळ मोकळी होती. खजुरीच्या बागांमधून फिरलो. उंच भिंतींच्या मधून अरुंद वाटा, डोक्यावर झावळ्यांची सावली, आणि वाटेच्या कडेने फलज (डोंगरातून आणलेला पाण्याचा पाट) खळखळतोय. कृष्णेकाठच्या माणसाला हातभर रुंद पाण्याचं कौतुक वाटावं, असं ते गाव आहे. लांबवर हफीतचा बोडका डोंगर उन्हात थरथरत होता.

स्पर्धेच्या दिवशी पेटी उघडली तेव्हा मी कठड्यामागे उभा होतो. फोममध्ये अडकलेला तांदळाचा एक दाणा माधवीला दिसला. मला वाटलं, झालं, आता पुन्हा चिडणार. तिने तो चिमटीत धरला, कपाळाला लावला आणि खिशात टाकला.

चाळिशीपुढच्या महिलांचा गट. लाल दिवा असताना हात खाली. हिरवा लागला की तीन सेकंदांत हात वर, एक गोळी, हात खाली. पुन्हा लाल. तिच्या एका बाजूला ओमानच्या बाई होत्या, दुसऱ्या बाजूला कझाकस्तानच्या. एकदा तिचा हात उशिरा वर आला आणि गोळी वर्तुळाच्या कडेला गेली. पुढचा हिरवा दिवा लागला, हात वर आला आणि थांबला. थांबला म्हणजे असा थांबला, की माझ्या कानात कुकर शिट्टीवर येत होता आणि भात कच्चा राहणार नव्हता.

ती तिसरी आली. आपला झेंडा वर गेला तेव्हा मी फोटो काढायचं विसरलो.

तिने तिथूनच आईला व्हिडिओ कॉल लावला. “आई, तुमच्या अक्षतेचा दाणा होता खिशात. मी त्या दिवशी उगाच ओरडले. हे पदक तुमचं.”

आईने चष्मा वर सरकवला. “नाही गं. ते काही माझं नव्हं. हात तुझा, नेम तुझा.” मग तिने पडद्याच्या कोपऱ्यात दिसणाऱ्या मला शोधलं. “आणि हा का असा उभा आहे, कोपऱ्यात? जेवला का?”

बोल लावला तेव्हा तिने तो मुकाट घेतला होता. श्रेय दिलं तर घेतलं नाही.

निघायच्या संध्याकाळी पेटी क्लबच्या माणसांबरोबर विमानतळावर गेली आणि आम्ही मोकळ्या हातांनी अल मनखूलला. अभिजितने दार उघडून आधी तोंड फिरवलं. माधवीने पदक त्याच्या गळ्यात घातलं आणि डिकीत काय होतं ते सांगितलं, तेव्हा तो मटकन सोफ्यावर बसला. त्याची लेक धावत आली. “आत्या, डिड यू शूट एनिवन?” मग वडे झाले, आणि “हे साबुदाण्याचं पाकीट आठ दिऱ्हमचं, म्हणजे आपले जवळजवळ दोनशे रुपये” हेही झालं. शेजारपाजारचे जमले. अभिजित सगळ्यांना माझी ओळख करून देत होता, “हे माझे जिजाजी. ताईचं पिस्तूल दोन अमिरातींच्या पोलिसांसमोरून घेऊन गेले.” मी दुरुस्ती केली. “ती घेऊन गेली. मी बरोबर होतो.”

सांगलीला पोचलो तेव्हा आईने माधवीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, तिला कुंकू लावलं आणि पेटी आत ठेवायला सांगितली. पेटीला तिने बोटही लावलं नाही. माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि आत गेली. तेव्हापासून आजपर्यंत तिने एका शब्दाने काही विचारलेलं नाही.

हे छापून आलं की माधवी वाचेल, आणि चिडेल किंवा हसेल. तिला सांगायचं होतं ते मी इथे लिहून टाकलं. आईला आता बारीक अक्षर दिसत नाही. तिच्यासमोर बसून, “आई, कुंकू मी लावलं होतं आणि आळ तुझ्यावर येऊ दिला,” एवढं मला माझ्या तोंडाने म्हणायचं आहे. ते अजून म्हटलेलं नाही.