चारच पिढ्या

शैलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी सांगलीत, आमच्या संस्थेच्या संग्रहालयाच्या दालनात, 'हजार वर्षे नांदलेली संस्कृती' या पाटीखाली उभा होतो. पाटीवर माझं नाव आहे. ताईंनी स्वतःचं काढायला लावलं होतं...

ताई वडूजच्या, संख्याशास्त्राच्या प्राध्यापक. पांढरीच्या, म्हणजे जुन्या उजाड वस्तीच्या, टेकाडात आम्हाला सापडलेल्या कोळशांची वयं प्रयोगशाळेतून आली, ती मी त्यांच्याकडे नेली. सर्वांत जुन्यातून सर्वांत नवं वजा करून मी हजार वर्षं काढून ठेवली होती. ताई म्हणाल्या, "अहो, प्रत्येक आकड्यात मागं-पुढं चूक असते. टोकाचे दोन धरलेत, म्हणजे तुम्ही चुकाच मोजल्यात." कोणता थर खाली, कोणता वर, हे धरून त्यांनी सगळं पुन्हा बसवलं. वस्ती टिकली शंभरेक वर्षं. जमिनीचे मालक आबा हिरमुसले. "आवं ताई, येवढंच व्हय?"

"आबा, तुमच्या पणजोबांच्या वडिलांचं नाव काय?"

"...न्हाई ठावं."

"मग चार पिढ्या लय झाल्या की!"

आमचे अध्यक्ष मात्र म्हणाले, "शंभर वर्षं बघायला कोण येतंय?" मी मान डोलावली. दालनाचं प्रमुखपद मला हवं होतं. ताई भांडल्या नाहीत. माझा फोन उचलेनाशा झाल्या, एवढंच.

शोकसभेत त्यांच्या फोटोखाली फ्लेक्स होता: 'हजार वर्षांचा इतिहास उजेडात आणणाऱ्या'. अध्यक्ष गहिवरून बोलले आणि खाली बसताच नाश्ता आला का, ते विचारू लागले. मला त्यांच्यापेक्षा माझीच किळस जास्त आली. उठून म्हणालो, "ताई हजार कधीच म्हणाल्या नाहीत. ते खोटं माझं आहे." अध्यक्षांनी माईक काढून घेतला. "सर भावुक झालेत." लोकांनी टाळ्या वाजवल्या... शोकसभेत! दुसऱ्या दिवशी मी पाटी उतरवली. आठवड्यात ती परत लागली, माझ्या नावासकट. मी राजीनामा दिला. पाटीला त्याचं काही नाही.

मागच्या रविवारी वडूजला त्यांच्या भावाकडे गेलो. वहिनींनी जेवायला वाढलं. फळीवर लोणच्याची बरणी होती, वर ताईंच्या अक्षरात चिठ्ठी: 'लिंबू. फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या सुरुवातीला घातलं. नक्की आठवत नाही.'