पांढऱ्याशुभ्र पट्ट्या

मासेमामांच्या घरात एकही मासा नव्हता. होत्या त्या माशांच्या टाकीत लावायच्या लाल वनस्पती. पुढच्या खोलीत मांडणीवर उथळ ट्रे, त्यांत ओली माती, आतली हवा दमट राहावी म्हणून वर पारदर्शक झाकणं. पाण्याबाहेर वाढवल्या की त्या जोमाने फोफावतात, पानांवर शेवाळ धरत नाही. पंचाईत एकच, पाण्याबाहेर त्या लाल दिसतच नाहीत. सगळ्या हिरव्या, एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं अशा. टाकीत बुडवल्यावर फुटणारी नवी पानं लाल. तोवर कोणती कुठली हे सांगायला ट्रेमध्ये नाव लिहून खोचलेली प्लास्टिकची पट्टी, तेवढाच आधार.

मामींच्या पश्चात मामांनी थोरल्या बहिणीला आपल्याकडे आणलं. आक्कानेच त्यांना लहानाचं मोठं केलं होतं. आता तिला विसर पडायला लागला होता, पण हात काही स्वस्थ बसत नसत.

एका दुपारी मामा दुकानात रोपं पोचवून परतले, तर आक्का मोरीपाशी बसलेली. फडक्यावर सगळ्या पट्ट्या वाळत घातलेल्या.

"कुणीतरी काहीबाही खरडून ठेवलं होतं रे," ती म्हणाली. "घासून घासून बोटं दुखली. निघालं ना सगळं?"

मामांनी एक पट्टी उजेडात धरली. अक्षराचा मागमूस नव्हता.

"निघालं," ते म्हणाले.

मग त्यांनी प्रत्येक ट्रेमधली एकेक काडी पाण्याने भरलेल्या काचेच्या बरणीत बुडवून ठेवली. लाल पानं आली तशी काही ओळखू आली. काही मात्र बरणीतही सारखीच. त्यांची ओळख आता फुलांवरच पटणार होती. एकीच्या फुलाला पाकळ्या असतात, दुसरीच्या नसतातच. फुलांसाठी छाटणी थांबवली.

"मामा, गिऱ्हाईक नाव विचारतं," दुकानदार म्हणाला. "नुसतं लाल म्हणून कसं देऊ?"

"कळ्या येऊ द्या हो."

कळ्या धरल्या तेव्हा मामांनी पुढच्या खोलीला कडी घातली. आक्का दारापाशी उभी राहिली. हळूच म्हणाली, "बाबा, दार उघडा ना. परत नाही करणार."

मामांनी कडी काढली. पुन्हा घातली नाही.

कळ्या उमलायच्या बेतात होत्या. मामा अंघोळीला गेले आणि बाहेर येऊन बघतात तो झाकणं जमिनीवर, पंखा गरगरतोय. आक्का मांडणीपाशी खुर्ची घेऊन बसली होती.

"गुदमरली होती बिचारी. आता बघ कशी वारा खातायत."

कोवळे शेंडे माना टाकून पडले होते. कळ्यांना हात लावला तशा त्या गळून आल्या. मामांना रागवायचं होतं, पण कोणावर रागवणार? त्यांनी पंखा बंद केला, पाणी शिंपडलं, झाकणं परत ठेवली.

"चुकलं का रे माझं?"

"नाही. ऊन होतं आज."

मुळं जगली, नवे कोंभ आले. दुकानदाराने मात्र दुसरा माणूस गाठला. मामांनीही त्याला अडवलं नाही. ते अजून रोज माती ओली करतात. आक्का विचारते, "ही कसली रे झाडं?" मामा म्हणतात, "बघू, फुलं आली की सांगतो." थोड्या वेळाने ती पुन्हा विचारते.