रात्रवहीतलं पाडव्याचं पान

वेधशाळेत रात्रीला एकच तारीख असते, ती संध्याकाळची. दिवेलागणीनंतर दुर्बिणीवरचं छप्पर सरकलं की रात्रवहीच्या कोऱ्या पानावर त्या दिवसाची तारीख पडायची. मधे बारा वाजून गेले तरी उजाडेपर्यंत ती बदलायची नाही. रात्रीचे दोन तुकडे करून ते दोन पानांवर टाकणं आमच्या मोठ्या साहेबांना मंजूर नव्हतं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बजावलं, "कुणी पहाटेचा वेध मागितला, तर एक दिवस वजा करायचा. सहा तारखेची पहाट पाचच्या पानावर मिळेल." मी ते वाक्य घोकून ठेवलं. त्या घोकंपट्टीनं एका बाईचं काय झालं ते मला लिहायचं आहे. आजवर घरातही कुणाला सांगितलेलं नाही.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. मी तळ्याकडच्या भातशेतीवाल्या घरातला. कचेरीत दफ्तर सांभाळायची सवय होती, तेवढ्यावर समुद्रकाठच्या टेकडीवरच्या या वेधशाळेत मला नोंदींच्या खोलीत घेतलं. आकाशातलं मला काही कळत नव्हतं. कळायची गरजही नव्हती. ठरलेला तारा दुर्बिणीतल्या बारीक तारेवर आला की वेध घेणारा तो क्षण टिपायचा आणि शेजारच्या रकान्यात मधून मधून वेळ टाकून आकाशाची स्थिती लिहायचा. माझं काम त्यानंतरचं. वह्या लावायच्या, खाऱ्या हवेपासून आणि कसरीपासून जपायच्या, पावसाळ्यात भिंतीला ओल सुटली की कपाटं वीतभर पुढं ओढायची, आणि लांबलांबच्या वेधशाळांतून पत्रं आली की हवं ते पान शोधून नक्कल करून पाठवायची.

नक्कल पाठवण्याआधी रुजवात घालायचा नियम होता. दुसऱ्या माणसानं आधी मागणीचं पत्र मोठ्यानं वाचायचं, मग मूळ पान, आणि मी माझी नक्कल ताडून बघायची. मला तो नियम म्हणजे वेळ घालवणं वाटायचं. माझी चूक निघतच नसे. बायको म्हणायची, "तुमच्या नाकावर माशी बसत नाही, एक दिवस गांधीलमाशी बसेल." मी हसायचो. डोक्यात हवा गेलेल्या माणसाला हसू लवकर येतं.

आमच्या बिऱ्हाडांत मासळी घेऊन येणारी एक कोळीण होती. थळच्या कोळीवाड्यातली, पन्नाशीची, बोलायला फटकळ. दारात टोपली टेकली की आधी माझ्या तब्येतीवर शेरा मारणार, मग बोंबील दाखवणार. "भाऊ, रातीला जागतं दुसरंच कोन, न् डोळं तुमचं खोल!" असं सगळ्यांदेखत म्हणायची. तिचा एकुलता मुलगा तांडेल होता, स्वतःच्या होडीचा. सून आगरदांड्याची. मुलाचं कौतुक मात्र ती फटकळपणा बाजूला ठेवून करायची.

त्या वर्षी दिवाळीनंतर ती पंधरा दिवस आली नाही. मधेच बातमी आली की तिच्या मुलाची होडी पहाटेच्या अंधारात खडकावर फुटली. तो गेला, आणि त्याच्याबरोबर शेजारच्या घरातला एक जण गेला. तिसरा पोहून किनाऱ्याला लागला. तो म्हणाला, मी निजलो होतो, दणका बसला तेव्हा जागा झालो, मग आभाळ बघायला सवड कुठली. म्हणजे सुकाणूवर एकटा तांडेल. त्या खडकांच्या आडून यायचं तर ध्रुवाकडं बघत यायचं, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. कोळीवाड्यानं निकाल लावून टाकला, की भाऊबीज साजरी करून, पिऊन गेला होता, डोळा लागला, आणि दुसऱ्याच्या पोराला घेऊन बुडाला. त्या शेजारच्या पोराच्या आईनं तिच्या दारावरून जाणंही सोडलं.

तेरावं झाल्यावर एका दुपारी ती टोपली न घेता आली. घराकडं गेली नाही, नोंदींच्या खोलीच्या दाराशी उभी राहिली.

"भाऊ, तुमी लोक रातभर आभाळ लिवता नं?"

"लिहितात," मी म्हणालो.

"मग त्या रातीचं बगा. माजा पोर पिऊन न्हाय गेला. आभाळ भरलं आसंल, तारा दिसला नसंल. निसता तारा दिसत असता तर तो खडकावर जातोय व्हय? तुमच्या वहीत असंल. भाऊबीजेची रात, कोंबडा आरवायच्या आदी. दुपारला बहिनीनं ववाळलं, सांजच्याला होडी काढली, न् परत न्हाय आला."

मला तिची खरंच दया आली, पण कामही होतं हाताशी. आत जाऊन मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत भाऊबीज शोधली. पहाटेचं मागते आहे, म्हणजे एक दिवस वजा. हात सवयीनं आदल्या तारखेच्या पानावर गेला. तीनला आकाश स्वच्छ, वेध उत्तम, पाचला स्वच्छ. मोठ्या साहेबांच्या वळणदार अक्षरात, शंकेला जागा नाही अशी नोंद. मी परत बाहेर आलो.

तिला खोटं सांगता आलं असतं. माझ्या डोक्यात ते येऊनही गेलं. पण मी नोंदींचा माणूस. वहीत एक आणि तोंडात एक हे मला कधी जमलं नाही, आणि त्याची मला घमेंड होती. मी म्हणालो, "मावशी, आभाळ मोकळं होतं. सगळे तारे दिसत होते."

"नीट बगितलं?"

"नीट बघितलं."

 ती दाराच्या चौकटीला हात लावून वळली आणि टेकडी उतरून गेली. मी नक्कल केली नव्हती, तेव्हा रुजवातीचा प्रश्नच नव्हता. पत्र पाठवणाऱ्या साहेबासाठी दोन माणसं बसायची. मासळीवालीसाठी मी एकटा पुरे होतो.

पुढं ती मासळी घेऊन येत राहिली, पण माझ्या तब्येतीवर बोलायचं तिनं सोडलं. बायकोकडून कळत गेलं. म्हातारीनं सुनेला तोंडावर सांगितलं, की तुझ्या नवऱ्यानं शेजारणीचं पोर बुडवलं, लिहिलेलंच आहे तसं. सून आगरदांड्याला माहेरी गेली आणि वर्षा-दीड वर्षात तिनं दुसरं घर केलं. म्हातारी शेजारणीच्या दारात जाऊन पाया पडून आली. आणि भाद्रपदात सगळ्यांच्या नावानं घास ठेवला, पण मुलाच्या नावानं ठेवला नाही. मी हे ऐकून हळहळलो. खरं कडूच असतं, असं काहीतरी बायकोला बोललोही.

सहा वर्षं गेली. एका लांबच्या वेधशाळेतून पत्र आलं, एका ताऱ्याचे अमुक रात्रीचे, पहाटेकडचे वेध हवे होते. मी शोधले, नक्कल केली, पाठवली. रुजवात घालणारा त्या दिवशी रजेवर होता आणि मी वाट बघितली नाही. महिन्याभरानं उत्तर आलं, अगदी नम्र. आपण पाठवलेली रात्र आम्ही मागितलेल्या रात्रीच्या आदली दिसते, कृपया पुन्हा पाहावं.

मी तावातावानं ते पत्र घेऊन मोठ्या साहेबांकडं गेलो. ते तेव्हा निवृत्तीला आले होते. त्यांनी दोन्ही पत्रं वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "तुम्ही वजा केलंत."

"पहाटेचं होतं म्हणून."

"पण त्यांनी तारीख रात्रीची दिली आहे. अमुक रात्र, तिची पहाट. ती आपल्याच हिशोबानं आहे, सरळ ते पान उघडायचं. घड्याळाची तारीख दिली तरच वजा करायचं. माणूस कुठली मोजणी बोलतोय ते आधी ऐकायला नको का?"

मी खोलीत परत आलो. खुर्चीत बसलो आणि मला तिचा आवाज जसाच्या तसा ऐकू आला. भाऊबीजेची रात, कोंबडा आरवायच्या आधी. तिच्या हिशोबी दिवस सूर्य उगवेपर्यंत संपत नाही. आमच्या रात्रवहीच्या हिशोबीही नाही. दोघींची मोजणी एकच होती. मधे बारा वाजता दिवस तोडणारा मी एकटाच होतो. दुपारी बहिणीनं ओवाळलं, संध्याकाळी होडी काढली, हेही तिनं सांगितलं होतं. तेवढं कानावर घेतलं असतं तरी पुरे होतं. जो माणूस भाऊबीजेच्या दुपारी पाटावर बसला होता, तो त्याच दिवशीच्या पहाटे कसा बुडेल?

मी त्या वर्षाची वही काढली. आधी पाडव्याचं पान आलं, तेच ते, स्वच्छ, स्वच्छ, उत्तम. मी ते उलटलं. भाऊबीजेचं पान. दहाला स्वच्छ. बाराला स्वच्छ. दोनला पश्चिमेकडून ढग. तीनला आकाश पूर्ण झाकलेलं, एकही तारा नाही. वेध थांबवले. खाली मोठ्या साहेबांची सही.

सहा वर्षं ते पान माझ्याच कपाटात, माझ्याच किल्लीखाली पडून होतं. मी टेबलावर डोकं टेकून रडलो. मी तेव्हा चाळिशीला आलेला माणूस होतो आणि भर दुपार होती.

मी दोन्ही पानांची नक्कल केली. पाडव्याची का केली ते सांगता येणार नाही. बहुधा माझी चूक कुठं झाली ते दाखवायला. त्या दिवशी रुजवातही घातली, दुसऱ्या कारकुनाला पुढं बसवून, शब्द न् शब्द. रविवारी थळला गेलो.

ती आता फिरत नव्हती, गुडघे गेले होते. अंगणात सुकत घातलेल्या जवळ्याशी कावळे हाकत बसली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. मग भाऊबीजेची नक्कल वाचून दाखवली. तीन वाजता एकही तारा नाही, हे मी दोनदा वाचलं.

मला वाटलं होतं ती शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. ती हातातल्या काठीनं जमिनीवर रेघ ओढत राहिली.

"आता कोनाला दावू हे?" ती म्हणाली. "शेजारीन मेली दोन वर्सांमागं. सून कदीच गेली, तिला पोर झाला. मीच घालवली तिला." मग एक कावळा हाकून, "मी त्याला सहा वर्सं घास न्हाय ठेवला, भाऊ. उपाशी ठेवला मी त्याला."

"मावशी, चूक माझी."

"चूक तुमची व्हय. पन मी आई हाय नं त्याची. तुमी कोन? तुमचं ऐकलं मी, त्याचं न्हाय ऐकलं."

 मी उठायला लागलो तेव्हा तिनं माझ्या हातातल्या दुसऱ्या कागदाकडं बोट केलं.

"ते काय?"

"ते तेव्हा चुकून वाचलं होतं ते. आदल्या रात्रीचं. पाडव्याचं."

"पाडव्याच्या रातीला तर तो घरात व्हता," ती म्हणाली. काठी बाजूला ठेवली. "वाचा."

"यात काही नाही मावशी. आभाळ मोकळं, एवढंच."

"वाचा वो तुमी."

मी वाचायला लागलो. आठ वाजता, आकाश स्वच्छ.

"आठाला जेवत व्हता," ती म्हणाली. "भाकर उरली तर उद्याला ठेव म्हनाला."

दहा वाजता, स्वच्छ.

"दोर वळत व्हता हितं, या खांबाशी. बायको हसत व्हती त्याला."

बारा वाजता, स्वच्छ, वारा नाही.

"निजला. भायेर निजला, उकडतंय म्हनून. मी चादर टाकली."

तीन वाजता, स्वच्छ, वेध उत्तम.

"खोकला तवा. मी उठून पानी दिलं. आये नीज, म्हनाला."

पाच वाजता, स्वच्छ, वेध संपले. मी कागद खाली केला.

"पुढं वाचा," ती म्हणाली.

"पुढं काही नाही, मावशी. उजाडलं."