भाच्याला पाय कोण लावणार

आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. बाहेरच्यांना हे उलटं वाटतं, पण तसंच आहे. मामाचे केस पिकलेले असोत, नाहीतर तो गावचा सरपंच असो, दारात शेंबडा भाचा उभा राहिला की मामा वाकतो, त्याच्या पायाला हात लावतो आणि तो हात आपल्या कपाळाला लावतो. भाच्याला चुकून पाय लागला तर पाप समजतात. मी चिखल्याचा, खाणीच्या कॉलनीतला, आणि आई करडीची. त्यामुळे करडीतले आईच्या वयाचे झाडून सगळे पुरुष माझे मामा, सख्खा एकच असला तरी. माझ्या फुटबॉलची सगळी भानगड इथून सुरू होते.

यंदा दिवाळीनंतर आई मला करडीला घेऊन गेली तेव्हा माझा गुडघा शस्त्रक्रियेतून उठलेला होता. चार दिवसांनी मला क्लबात हजर व्हायचं होतं. तिथे सामना खेळून दाखवायचा आणि मग ते करार वाढवायचा की नाही ते ठरवणार. मी फॉरवर्ड. दुसरं काही मला येत नाही, शिकायला वेळही मिळाला नाही. या पायानं मी पुन्हा खेळू शकतो का, एवढंच मला जाण्याआधी कळून घ्यायचं होतं. डॉक्टर हो म्हणाले होते, फिजिओ हो म्हणाला होता. माझा मात्र दोघांवरही विश्वास बसत नव्हता.

दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, दिवसा दंडारीचं नाचगाणं, नंतर नाटक, घरोघर पाहुणे आणि चुलीवर वडे. लग्नासाठी मुलंमुली पाहून घ्यायचीही हीच वेळ. करडीच्या मंडईत याखेरीज फुटबॉलचा एक सामना होतो. आखरावर, म्हणजे सकाळी गुरं जमतात त्या मोकळ्या जागेवर, पाहुणे विरुद्ध गाव. पाहुण्यांकडून जावई आणि भाचे, गावाकडून मामा आणि साळे. साळ्यांना जावयाच्या नडग्या फोडायची संधी वर्षातून एकदाच मिळते आणि ते ती वाया घालवत नाहीत. लंगडत सासरवाडीहून परतलेले जावई मी पुष्कळ पाहिलेत.

भाच्याची गोष्ट वेगळी. लहानपणी मी बॉल घेऊन निघालो की समोरचे मामा लोक पाय मागे घ्यायचे. मधोमध माझा सख्खा मामा स्टॉपर म्हणून उभा असायचा. तुमसरच्या राइस मिलमध्ये हमाली करणारा गडी, पाठीवर धानाचं पोतं घेऊन जिना चढणारा. कुठल्याही जावयाची बिशाद नव्हती त्याच्या अंगावरून जायची. मी आलो की तोच मामा अंग वाकडं करून वाट द्यायचा आणि वर हसत म्हणायचा, "गेला गा भाचा, गेला." मला वाटायचं, आपण चकवलं. सगळ्या पोरांना तसंच वाटायचं. मामांनी कधी सांगितलं नाही, आणि त्यांनाही त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नसेल. भाच्याला पाय लावायचा नाही, बस.

एका मंडईला नागपूरचा एक कोच कोणाचा तरी पाहुणा म्हणून आला होता. एवढ्या धिप्पाड माणसांमधून हा काडीसारखा पोरगा सुसाट जातो आणि कोणाचा पायसुद्धा त्याला लागत नाही, हे पाहून तो चाट पडला. शहरातला माणूस, त्याला मामा-भाचा काय माहीत. सामना संपल्यावर तो सरळ आईकडे आला आणि म्हणाला, पोराला माझ्याकडे पाठवा. घरी चिखल्याला बाबा खाणीतून पहिल्या पाळीवरून आले, त्यांना हे सांगितलं, ते म्हणाले, जाऊ दे. अशी माझी कारकीर्द सुरू झाली.

नागपूरला पहिल्याच दिवशी एका बॅकनं मला असा उडवला की मी उठून त्याला विचारलं, "काहून मारलं?" मैदानभर हसू पसरलं. मला खरंच भांडण वाटलं होतं. पुढे कळलं की हाच खेळ आहे, आणि आपण आजवर खेळत होतो तो काहीतरी दुसराच होता. पण तोवर पाय जलद झाले होते. मार चुकवणं मी शिकलो. बॉल येण्याआधी जागा सोडायची, बॅक येण्याआधी पास द्यायचा, आणि गोलसमोर गर्दी नसेल तेव्हाच तिथे असायचं. लोक याला हुशारी म्हणाले. एका क्लबानं घेतलं, दुसऱ्यानं उसनं घेतलं, तिसऱ्यानं बेंचवर बसवलं. गोवा झालं, केरळ झालं, बंगाल झालं. प्रत्येक ठिकाणचा कोच वेगळ्या भाषेत एकच ओरडायचा: अंग चोरू नकोस. मराठीत ते कोणी म्हटलं नाही, पण मला ते मराठीतच ऐकू यायचं.

बाहेरून हे आयुष्य छान दिसतं, मान्य आहे. आतून ते म्हणजे बर्फ, पट्ट्या, परक्या गावातली खोली आणि फोन. फॉरवर्डला सगळे एकच प्रश्न विचारतात, गोल किती. बॅकला कोणी विचारत नाही, तू किती अडवले. मी चिखल्याला आलो की किराणा दुकानदार विचारायचा, बाबांबरोबर खाणीत उतरणारे विचारायचे, लग्नात वाढायला आलेली बाई भाताचा डाव हातात धरून विचारायची. शून्य म्हटलं की माझीच समजूत काढायची. मला वैताग यायचा. शेवटी मी खोटं सांगायला लागलो, आणि आश्चर्य म्हणजे कोणी तपासलं नाही.

गुडघा गेला तो एका साध्या सामन्यात. बॅक आला, मी नेहमीसारखा बाजूला झालो, पण या वेळी अर्धाच झालो. पाय तिथेच राहिला आणि मी वळलो. पुढचे महिने मी चिखल्यात काढले. कॉलनीत पाळीचा भोंगा होतो, त्या वेळा धरून मी चालायचो, मग धावायला लागलो. बाबा काळे होऊन यायचे, आंघोळ करायचे, माझ्या गुडघ्याकडे एकदा पाहायचे आणि जेवायला बसायचे. आई मात्र रोज म्हणायची, नको जाऊ आता. कधी रागावून, कधी रडून. मी म्हणायचो, पाय बरा झाला की पाहू.

मंडईच्या सामन्यात यंदा आईनं मला उतरू दिलं नाही. मी बाहेर खुर्चीवर बसलो, लोकांनी येऊन गोल किती ते विचारलं. मामाचं आता पोट सुटलंय, तरी स्टॉपरच्या जागी तोच. कोणाच्या तरी चिमुकल्या भाच्याला त्यानं तशीच वाट दिली, तशीच हाक घातली. पोरगं गोल करून नाचलं. मला पाहवेना. मी उठून मागे नाटकाचा मांडव घालत होते तिकडे गेलो.

संध्याकाळी जेवताना मी मामाला म्हटलं, "मामा, उद्या सकायी आखरावर ये. मले मारजो."

"काय मारजो?"

"स्टॉपर मारते तसा. पायावर ये, सोडू नको. तिकडं मले कोनी सोडनार नाही. तिकडं कोनी मामा नाही माहा."

मामानं हातातला वडा ताटात ठेवला. "भाच्याले पाय लावू म्हनतेस?"

"परका समज मले."

"परका कसा समजू गा? माह्या मांडीवर मुतला तू." मग तो हळूच म्हणाला, "दुसऱ्या कोनाले सांग ना."

दुसऱ्या कोणाला सांगणार होतो? गावभर झालं असतं. मी तसं म्हटलं, तेव्हा त्यानं नाइलाजानं होकाराची मान हलवली. आई भात घेऊन आली म्हणून बोलणं तिथेच थांबलं.

सकाळी आखरावर कागदी पत्रावळ्या उडत होत्या आणि आकाशपाळणेवाले लोखंड सोडवत होते. पलीकडच्या शेतातल्या बांध्यांमध्ये कापलेलं धान पडलेलं. मामा हाफ पॅन्टवर, अनवाणी आला. आधी वाकून माझ्या पाया पडला.

"आता काहून?"

"आदी पडून घेतो. मंग मारतो."

मी बॉल घेऊन निघालो. तो आडवा आला आणि ऐन वेळी अंग वाकडं करून त्यानं वाट दिली. इतक्या वर्षांची सवय. दुसऱ्यांदाही तेच. मी चिडलो. "मामा, टाइमपास करून राहिला काय? मले परवा जाचं आहे." माझा आवाज चढला होता. मामाचा चेहरा बदलला. कोणत्याही मामाला भाच्यानं असं बोललेलं चालत नाही, पाया पडत असला तरी.

तिसऱ्यांदा तो खरा आला. त्याचे खांदे खाली गेले, नजर बॉलवर, भेगाळलेल्या टाचेचा तो मोठा पाय उचलला गेला. पुढचं मला समजलं नाही. मी जमिनीवर होतो, दोन्ही हातांनी गुडघा धरून, डोळे मिटून, कळ यायची वाट पाहत.

कळ आली नाही. डोळे उघडले तर मामा बराच लांब उभा होता, बॉल त्याच्या पायाशी.

"मी तुले शिवलो बी नाही, भाचा," तो म्हणाला.

"माहीत आहे," मी म्हटलं. माहीत नव्हतं.

पुन्हा केलं. या वेळी पडलो नाही, पण मामा पोचायच्या आधीच मी बाजूला उडी मारली होती आणि बॉल मागे एकटा राहिला होता. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मी मनाला सांगत होतो की थांब, आणि अंग ऐकत नव्हतं. आता चोरायला अंगात काही उरलंच नव्हतं, तरी ते चोरत होतं. मला स्वतःची लाज वाटली. किळस आली म्हटलं तरी चालेल. शेवटी मामाच थांबला.

"पाय चांगला आहे तुहा," तो म्हणाला. "उडी पाह्य ना किती दूर मारली."

आम्ही बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर बसलो. त्यानं सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याची पुडी काढली आणि चिमूट तोंडात टाकली. मग म्हणाला, "तवा आमी पाय लावला असता, त?"

याचं उत्तर मी किती रात्री परक्या खोल्यांमध्ये आढ्याकडे पाहत ठरवलं होतं. यांनीच मला बिघडवलं, असंही म्हणून झालं होतं. तो समोर बसून स्वतःच विचारायला लागला तेव्हा मला ते बोलवेना. आणि ते पूर्ण खरंही नव्हतं.

"त मी नागपूरले गेलोच नसतो, मामा," मी म्हटलं.

आम्ही घरी आलो.

आई चुलीपुढे होती. माझी बॅग तिनं आदल्या दिवशीच ओट्यावर काढून ठेवली होती, पण भरली नव्हती. तिनं मला विचारलंच नाही, मामाला विचारलं. "कसा आहे पाय याचा?"

मामा हातपाय धुत होता. "पाय चांगला आहे, बाई."

आईनं हात पुसले. इतके महिने ती ज्या गोष्टीवर भांडत होती तिच्यात आता काही दम उरला नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. ती उठली, अनारशांचा डबा घेतला आणि माझ्या बॅगेत ठेवायला लागली. त्यावर टॉवेल, त्यावर मोजे.

"मी नाही जात," मी म्हटलं.

तिचा हात थांबला. "काहून? मामा त चांगला म्हनते ना पाय?"

मी मामाकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली होती. डॉक्टरला, एजंटला, कोचला सांगायला माझ्याकडे नेहमी काहीतरी असायचं, कुठे दुखतं, किती दिवस लागतील. आईपुढे तेही सुचेना.

"थकलो मी, आई."

तिनं जवळ येऊन माझ्या कपाळाला हात लावला. मग मानेला लावला. "ताप त नाही."

"नाही."

"मंग झोप," ती म्हणाली.

मी मामाच्या खाटेवर आडवा झालो. उन्हं चांगली वर आली होती, अंगणात पाहुण्यांची ये-जा चालू होती, कोणीतरी मंडईतून आणलेली पिपाणी वाजवत होतं. आईनं कोणाला तरी दटावलं आणि पिपाणी बंद झाली. मग उशाशी माझा फोन वाजला. एजंटचा असणार, तो याच सुमाराला करायचा. मी हात पुढे करण्याआधी मामानं फोन उचलला आणि तो दाराबाहेर गेला. तिकडून कोणीतरी बरंच बोलत होतं. मामा ऐकत होता, मध्ये मध्ये हूं म्हणत होता.

"झोपला आहे तो," शेवटी मामा म्हणाला. थोडं ऐकलं, आणि पुन्हा म्हणाला, "नाही जी. उठवत नाही मी त्याले."