सोपानचा चेहरा

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तुमच्यापुढं का कोण जाणे, जीभ रेटतेय.

मी शेवगावचा ड्रॉइंग मास्तर, आता रिटायर. आसपासच्या गावातला जवान सीमेवर कामी आला, की मी त्याचं चित्र काढतो. तेलरंगात, पदरच्या खर्चानं. चित्र पुरं होईतो कुणाशी बोलत नाही. लोक म्हणतात, मास्तरांची ही पूजाच हाय. मी मान खाली घालतो — नम्र दिसतं ना तसं!

मागं एक पोरगा गेला आणि अंत्यविधीपर्यंत माझं चित्र झालंच नाही. चौकात चित्राऐवजी त्याच्या फोटोचा फ्लेक्स लागला. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. ते मला लई लागलं. पोराच्या मरणापेक्षा जास्त? व्हय, जास्त.

म्हणून पुढच्या खेपेला, टीव्हीवर तोफा सुरू झाल्या तशी मी आधीच तयारीला लागलो. वर्दी रंगवली, बटणं, टोपी. नावाची पट्टी कोरी, चेहऱ्याची जागा कोरी. शेजारच्या गयाकाकू रोज येऊन त्या चित्रासमोर बसायच्या. त्यांचा सोपान सीमेवर, चार दिवस फोन नाही. त्यांना वाटायचं, मास्तर सगळ्याच पोरांसाठी देवाला आळवतायत. जास्वंद ठेवून हात जोडायच्या. एकदा म्हणाल्या, "मास्तर, तोंड कुनाचं काढनार?"

"कुनाचं न्हाई, काकू."

खोटं. साफ खोटं. कसं सांगू... वहीत मी सोपानचा चेहरा पेन्सिलीनं काढून ठेवला होता. त्याच्या लग्नातल्या फोटोवरून. हनुवटीवरचा जुना व्रणसुद्धा सोडला नव्हता. माझ्याच हाताखाली शिकलेला पोरगा तो. मी तो गेल्याच्या बातमीची वाट बघत होतो — म्हणजे, ती यावी म्हणून.

पाचव्या दिवशी त्याचा फोन आला. काकू अंगणात एकाच वेळी हसत होत्या, रडत होत्या, सगळी गल्ली गोळा झाली. आणि मला काय वाटलं? चित्र वाया गेलं. हेच वाटलं, दुसरं काही नाही. थू आपल्या जिंदगानीवर!

दुपारी काकू पेढे घेऊन आल्या आणि माझ्या पाया पडल्या. माझ्याहून वयानं मोठी बाई! "तुमच्या चित्रानं माझं लेकरू राखलं, मास्तर," म्हणाल्या.

तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं. मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि आशीर्वाद दिला.